डोक्यावरचे बाळोते

(मंडळाच्या वर्धापनदिनी 'श्रद्धा आणि दुःख' या विषयावर केलेले भाषण)



हळदीकुंकू आणि भजन झाले की एकीने चार शब्द बोलावयाचे, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल आणि मुले सांभाळणारी बाई. भाषण कसे करतात हे मला ठाऊक नाही. चार घरच्या बायका अंगणात बसून बोलतात तसे मी बोलणार आहे, तेव्हा आपण सांभाळून घ्यावे.

विषय दिला आहे 'श्रद्धा आणि दुःख'. मला वाटते, दुःख दोन तऱ्हेचे असते. एक म्हातारपणाचे, आजारपणाचे, अवर्षणाचे. त्यात कोणाचा दोष नसतो. ते आपण देवापुढे ठेवतो, रडतो आणि हळूहळू कामाला लागतो. दुसरे दुःख माणसाने दिलेले असते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने अन्याय करावा, आणि कागदावर भलतेच लिहून तो झाकून टाकावा. अशा वेळी लोक त्या बाईला सांगतात, "देवाची इच्छा, सोसले पाहिजे." हे दुसरे दुःखही देवाच्याच नावावर घालावयाचे का, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे.

माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकते. रात्री मी तांदूळ निवडीत बसले की ती तिच्या पुस्तकांतले मला मोठ्याने वाचून दाखविते. त्यात तिने अर्जेंटिना देशातल्या आयांची हकीगत वाचली. तो देश इथून फार लांब, दक्षिण अमेरिकेत. तिथले लोक ख्रिस्ती, त्यांची भाषा स्पॅनिश. पण ऐकता ऐकता तांदळातला माझा हात थांबला. तीच हकीगत आज सांगते. नावे जरा अवघड आहेत, ती मी मुलीकडून घोकून घेतली आहेत.

24 मार्च 1976 रोजी त्या देशात लष्कराने राज्य बळकावले. व्हिदेला नावाचा सेनापती मुख्य झाला. देशातली बंडाळी मोडून काढतो आणि ख्रिस्ती धर्माची संस्कृती वाचवितो, असे ते लोक सांगत. प्रत्यक्षात रात्री-अपरात्री घरात माणसे घुसत आणि तरण्याताठ्या मुलामुलींना उचलून नेत. कोणी कामगार संघाचा, कोणी विद्यार्थी, कोणी गरीब वस्तीत शिकवायला जाणारी मुलगी. नेताना घरातल्या चीजवस्तूही लुटून नेत. दुसऱ्या दिवशी आई चौकीवर गेली, की उत्तर मिळे, "या नावाचा कोणी आमच्याकडे नाही." कुठे नोंद नाही, खटला नाही, प्रेतही नाही. पुढे लोकांचे राज्य आल्यावर एक आयोग नेमला गेला. त्याने 1984 साली 8,961 बेपत्ता माणसांची नोंद केली. आया आणि त्यांच्याबरोबरच्या संस्था हा आकडा 30,000 सांगतात. भीतीपोटी ज्यांनी कधी तक्रारच केली नाही अशी घरेही पुष्कळ होती.

बेपत्ता या शब्दाचा विचार करा. आपल्या घरी माणूस गेले, तर दहावे, बारावे, तेरावे असते. शेजारणी पिठले-भात घेऊन येतात. मृत्यूची तिथी ठाऊक नसली तर सर्वपित्री अमावास्या आहे. परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहून मग पालाशविधी करावयाचा, असे जुन्या माणसांकडून मी ऐकले आहे. रडण्यालाही आपल्याकडे अशी एक वाट करून दिलेली आहे. त्या आयांना ती वाट नव्हती. मुलाच्या आत्म्याला शांती मिळो म्हणून प्रार्थना करावी, तर आपणच त्याला मारल्यासारखे वाटावयाचे. तो सुखरूप परत येवो म्हणून करावी, तर किती दिवस? रोज रात्री त्याचे ताट वाढावे की वाढू नये, इथपासून प्रश्न.

त्यांच्यात असुसेना व्हियाफ्लोर नावाची एक बाई होती. सोळाव्या वर्षी एका कारखान्यात टेलिफोनवर नोकरीला लागलेली, मग लग्न, चार मुले आणि घर. 30 नोव्हेंबर 1976 रोजी तिच्या नेस्तोर नावाच्या मुलाला आणि त्याच्या वाग्दत्त वधूला पकडून नेले. ती चौक्या, कचेऱ्या, इस्पितळे, कोर्ट असे सगळीकडे फिरली. सैन्याच्या धर्मखात्यात एक पाद्री होता. त्याच्यापाशी बेपत्ता मुलांच्या नावांची टिपणे असत, म्हणून आया तिथेही रांग लावून बसत. सगळीकडे त्याच त्याच बाया भेटू लागल्या. शेवटी असुसेना म्हणाली, की असे एकेकटीने दारे ठोठावून काही व्हावयाचे नाही. आपण सगळ्यांनी मिळून सरकारी वाड्यासमोरच्या चौकात जाऊ.

त्या चौकाचे नाव प्लाझा दे मायो. राजधानी ब्युनोस आयर्सचा तो मुख्य चौक. एका अंगाला राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी वाडा, त्याच चौकात मोठे चर्च, आणि मधोमध एक पांढरा स्तंभ. 30 एप्रिल 1977 रोजी तिथे चौदा बाया जमल्या. तो शनिवार निघाला! कचेऱ्या बंद, चौक ओस. मग शुक्रवार ठरला. त्यांच्यातली एक म्हणाली, की शुक्रवार हा चेटकिणींचा वार, तो नको. म्हणून गुरुवार ठरला, दुपारी साडेतीनची वेळ. दुःखाने पिचलेल्या बायासुद्धा वाराचा शकुन बघतात, हे वाचून मला त्या फार जवळच्या वाटल्या.

लष्कराच्या राज्यात जमाव करून उभे राहण्याला बंदी होती. शिपाई येऊन दरडावीत, "उभे राहू नका, चालत्या व्हा." तेव्हा त्या दोघी-दोघी हातात हात घालून खरोखरच चालू लागल्या, त्या पांढऱ्या स्तंभाभोवती. आपण वडाला किंवा देवळाला प्रदक्षिणा घालतो तशा. चालण्यावर बंदी नव्हती, तेव्हा शिपायांना बोलता येईना. ती गुरुवारची फेरी अजून चालू आहे.

आता बाळोत्याची गोष्ट. ऑक्टोबरात तिथल्या लुहान गावच्या मेरीमातेच्या देवळाला पायी यात्रा जाते, आपल्याकडे दिंडी जाते तशी. 1977 सालच्या यात्रेला या आयाही निघाल्या. लाखांच्या गर्दीत एकमेकींना ओळखावे कसे? सगळ्यांच्या घरी असेल अशी वस्तू कोणती? तर मुलांचे जपून ठेवलेले बाळोते. तान्हेपणी मुलाला गुंडाळलेले ते पांढरे फडके त्यांनी डोक्याला बांधले. पुढे पांढरा रुमाल हीच त्यांची खूण झाली. भगिनींनो, ट्रंकेच्या तळाशी जुनी बाळोती आणि टोपडी आपण प्रत्येकीने ठेवलेली आहेत. ती डोक्याला बांधून बंदुकीपुढे जाण्याची वेळ त्या बायांवर आली. सरकारी लोक त्यांना 'वेड्या बाया' म्हणत.

त्याच सुमारास एक गोरागोमटा तरुण त्यांच्यात येऊ लागला. "माझाही भाऊ बेपत्ता आहे," असे तो सांगे. आयांना त्याचा कळवळा आला. पोरगा तरुण आहे, पकडतील, म्हणून त्या त्याला सांभाळीत. तो आस्तिस नावाचा नौदलातला अधिकारी होता, नाव बदलून आलेला. बेपत्तांची नावे वर्तमानपत्रात छापण्यासाठी आया पैसे जमवीत होत्या. 8 डिसेंबर 1977 रोजी, म्हणजे मेरीमातेच्या सणादिवशी, सांता क्रूझ नावाच्या चर्चमधून बाहेर पडताना त्यांतल्या काहींना पकडले. कोणाला धरावयाचे हे याच माणसाने दाखवून दिले होते. 10 तारखेला ती नावे वर्तमानपत्रात छापून आली. त्याच सकाळी असुसेना घराबाहेर पडली होती, तिला घराजवळच रस्त्यात धरले. या तीन दिवसांत एकूण बारा जण नेले. त्यांत तीन आया होत्या आणि आलिस दोमों व लेओनी द्युके या दोन फ्रेंच जोगिणीही होत्या.

त्या आयांपैकी एस्तेर बालेस्त्रिनो हिची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तिची सोळा वर्षांची, पोटुशी असलेली मुलगी पकडली गेली होती, ती काही महिन्यांनी सुटून आली. बाकीच्या आया म्हणाल्या, तुझी मुलगी मिळाली, आता तू घरी बस. मुलीला परदेशी सुरक्षित ठेवून ती पुन्हा चौकात आली. सगळ्यांची मुले मिळेपर्यंत मी येणार, असे तिचे म्हणणे होते. तिलाच त्यांनी नेले. तरुणपणी तिच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम करणारा एक मुलगा पुढे पोप फ्रान्सिस झाला.

असुसेना गेली, आता या बाया घरी बसतील, असे सरकारला वाटले असेल. पुढच्या गुरुवारी त्या परत आल्या. कमी होत्या, भ्यालेल्या होत्या, पण आल्या. त्यांच्यात हेबे दे बोनाफिनी होती. तिचे दोन मुलगे आणि पुढे सूनही नेली. तिचे शिक्षण माझ्यासारखेच, प्राथमिक शाळेपुरते. नोरा कोर्तिन्यास होती, घरी बायकांना शिवणकाम शिकविणारी. 1978 साली त्याच शहरात फुटबॉलचा जागतिक सामना भरला. नौदलाच्या ज्या शाळेत कैद्यांचा छळ होई ती क्रीडांगणापासून थोड्याच अंतरावर. कैद्यांना लोकांचा जल्लोष ऐकू येई, असे सुटून आलेल्यांनी सांगितले आहे. पहिल्या सामन्याचा दिवस, 1 जून, हा गुरुवार होता. आया त्याही दिवशी चौकात आल्या. परदेशी पत्रकारांनी त्यांची चित्रे घेतली आणि हे जगाला कळले.

आता श्रद्धेचे बोलू. या हकीगतीत देवाची माणसे दोन्ही बाजूंना होती. 1995 साली सिलिंगो नावाच्या नौदलाच्या माजी अधिकाऱ्याने कबूल केले, की कैद्यांना गुंगीचे औषध टोचून विमानातून जिवंत समुद्रात टाकीत, आणि परत आल्यावर लष्कराचे पाद्री अधिकाऱ्यांना समजावीत, की हे मरण ख्रिस्ती रीतीचेच आहे. फॉन व्हेर्निख नावाच्या पोलिसांच्या पाद्र्याला तर छळात आणि खुनांत सामील म्हणून 2007 साली जन्मठेप झाली. मुखी राम, बगलेत सुरी, ती हीच. पण त्याच धर्मातल्या त्या दोन जोगिणी आयांबरोबर मेल्या. त्याच धर्माचे आंखेलेली नावाचे बिशप गरिबांची बाजू घेतात म्हणून 4 ऑगस्ट 1976 रोजी मारले गेले. मोटारीचा अपघात म्हणून ते प्रकरण मिटविले होते. तो खून होता, हे कोर्टाने 2014 साली ठरविले.

मग त्या आयांनी काय करावे? काहींचा चर्चवरचा विश्वास उडाला, त्या पुन्हा पायरी चढल्या नाहीत. काहींनी अखेरपर्यंत माळ जपली. चौकात मात्र दोघी एकमेकींचा हात धरून चालल्या. एकीने दुसरीला, "तुझी श्रद्धा खरी की माझी," असे विचारण्याची तिथे गरजच पडली नाही. मला हे फार मोलाचे वाटते.

इथे माझ्या घरचे थोडे सांगते. माझे धाकटे दीर एका कारखान्यात कामावर असताना गेले. कागदावर मात्र ते त्या दिवशी रजेवर होते, असे लिहिलेले निघाले. भरपाई द्यावी लागू नये म्हणून. सासूबाई माझ्या जावेला घेऊन कचेरीत जात. एकदा तिथला कारकून म्हणाला, "आजी, नशिबापुढे कोणाचे काय चालते?" सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या म्हणाल्या, "नशिबाचे मी देवाला विचारीन. तू हजेरीपट दाखव." हजेरीपट त्यांना अखेरपर्यंत कोणी दाखविला नाही. त्या घरी येऊन नित्याप्रमाणे तुळशीपाशी दिवा लावीत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा कचेरीत जात. अर्जेंटिनातल्या आयांचे ऐकताना मला सारख्या सासूबाई आठवत होत्या. देवाला विचारावयाचे ते देवाला, आणि माणसाला विचारावयाचे ते माणसाला. माणसाच्या लबाडीचा जाब देवाकडे ढकलला, की लबाड सुटतो आणि देवाला उगाच बोल लागतो.

पकडलेल्या मुलींत काही गरोदर होत्या. तुरुंगात त्यांची बाळंतपणे झाली, मग त्यांना मारले आणि बाळे खोट्या जन्मदाखल्यांवर अधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या ओळखीच्यांच्या घरी दिली. अशी सुमारे 500 बाळे असावीत, असे त्यांच्या आज्या सांगतात. या आज्यांनी 1977 सालीच आपली वेगळी संस्था काढली. मुलाचे आईबाप हयात नसताना आजीच्या रक्तावरून नाते सिद्ध होईल का, हे त्या शास्त्रज्ञांना विचारीत देशोदेशी हिंडल्या. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन बाईने ती रीत बसवून दिली. 1987 साली सरकारने त्यासाठी रक्ताच्या नमुन्यांची पेढी काढली. एस्तेला कार्लोत्तो या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांची मुलगी लाउरा 1977 साली पकडली गेली आणि बाळंत झाल्यावर 1978 साली मारली गेली. नातू त्यांना 2014 साली सापडला, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. 2025 सालापर्यंत अशी 140 नातवंडे सापडली. इतरांचा शोध चालू आहे.

न्याय मिळाला का? मिळाला, पण वाकडी वळणे घेत. 1983 अखेर लष्कराचे राज्य गेले. व्हिदेलाला 1985 साली जन्मठेप झाली आणि 1990 साली नव्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफीही देऊन टाकली. मधल्या काळात खालच्या अधिकाऱ्यांवर खटले भरू नयेत असे कायदे झाले. आया गुरुवारी चालतच राहिल्या. 2003 साली संसदेने ते कायदे रद्द ठरविले, 2005 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते मोडीत काढले. आस्तिसला 2011 साली जन्मठेप झाली. बाळे पळविल्याबद्दल व्हिदेलाला 2012 साली 50 वर्षांची शिक्षा झाली, आणि 2013 साली तो तुरुंगातच मेला.

आणि असुसेना? डिसेंबर 1977 मध्ये समुद्राने काही प्रेते किनाऱ्याला आणून टाकली होती. गावच्या दफनभूमीत ती बेनाव पुरली गेली. 2005 साली हाडांवरून ओळख पटविणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितले, की त्यांत असुसेना आहे, एस्तेर आहे, तिसरी आई मारिया पोन्से आहे आणि जोगीण लेओनीही आहे. ज्यांनी त्यांना नाहीसे केले त्यांच्या विरुद्ध समुद्रानेच साक्ष दिली. 8 डिसेंबर 2005 रोजी असुसेनाची रक्षा त्याच चौकात, त्याच पांढऱ्या स्तंभाच्या पायथ्याशी ठेवली. जोगीण आलिस मात्र अजून सापडलेली नाही.

त्या आयांत मतभेदही झाले. 1986 साली त्यांचे दोन गट पडले. एकीकडच्या म्हणाल्या, की आमची मुले जिवंत नेलीत, जिवंतच परत द्या, आम्हांला हाडे नकोत आणि पैसेही नकोत. दुसरीकडच्या म्हणाल्या, की हाडे मिळू देत, निदान फूल वाहण्याला जागा होईल. यांत खरे कोणाचे, हे मी कोण सांगणार? पोटचा गोळा ज्याचा त्याला ठाऊक. नोरा कोर्तिन्यास 2024 साली 94 व्या वर्षी वारल्या. 1977 साली नेलेला त्यांचा मुलगा त्यांना शेवटपर्यंत सापडला नाही. तेव्हा चालत राहिले की सगळे मिळते, असे मी आज तुम्हांला सांगणार नाही. पण त्या चालल्या नसत्या, तर त्यांतली कितीतरी नातवंडे आजही खोट्या नावाने जगत असती आणि त्या पाद्र्याचे बोलणे खरे ठरले असते.

आपल्या गल्लीत एवढे मोठे संकट नाही, देवाची कृपा. पण कोणाचे पेन्शन अडते, कोणाच्या जमिनीच्या उताऱ्यावर भलतेच नाव चढते, कोणाच्या मुलाच्या मरणाचा पंचनामा भलताच लिहिला जातो. अशा घरी आपण सांत्वनाला जातो, चहा घेतो, "देवाची मर्जी" म्हणून परत येतो. माझी मंडळाला एवढीच विनंती आहे, की त्या बाईला पुन्हा कचेरीत जावयाचे असेल तेव्हा आपल्यातल्या दोघींनी तिच्याबरोबर जावे. जिला लिहिता येते तिने अर्जाची नक्कल ठेवावी, तारीख घालावी, पोच मागून घ्यावी. जिला येत नाही तिने नुसते शेजारी बसावे. त्यासाठी मंडळाने महिन्यातला एक दिवस ठरवावा. वार कोणता, ते शकुन बघून आपणच ठरवू.

चिटणीसबाईंनी कागद आणून ठेवला आहे. महिन्यातल्या त्या दिवसासाठी ज्यांना नाव द्यावयाचे असेल त्यांनी जाण्यापूर्वी द्यावे. पहिले नाव माझ्या जावेने घातले आहे.